पाहुणे परतल्यानंतरचं कोल्हापूर

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं कोल्हापूर ठरलेलं असतं. सकाळी अंबाबाई आणि भवानी मंडप, दुपारी न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. दुसऱ्या दिवशी जोतिबा आणि पन्हाळा, निघताना महाद्वार रोडवर चपला, साज आणि घरच्यांसाठी कांदा-लसूण मसाला. ठाण्याहून लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मलाही हेच दाखवलं गेलं, आणि ते सुंदरच आहे. किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांशी पोचतात तेव्हा मी आजही गर्दीत उभी असते. पण इथं राहायला लागल्यावर दुसरं एक गाव हळूहळू समोर येत गेलं. बरंचसं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी दाखवलं. त्यांचं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं आणि सायकलवरून त्यांनी सगळ्या पेठा पालथ्या घातल्या. उरलेलं रस्त्यात भेटलेल्या माणसांनी दाखवलं. त्यातून मला जे उमगलं ते लिहिते. तुमच्या गावात चौकांची नावं वेगळी असतील, एवढंच.

१. कोल्हापुरात पत्त्याआधी वेळ विचारावी.

गंगावेशीत भर दुपारी गेलात तर रिक्षा, हातगाड्या आणि तापलेला रस्ता दिसेल. दिवस कलला की त्याच रस्त्याच्या कडेला म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी समोर धार काढतो, फेस ग्लासाच्या काठावर चढतो आणि माणसं उभ्या उभ्या ते कोमट दूध पितात. याला इथं दूध कट्टा म्हणतात. तालमीतून आलेली पोरं असतात, दुकानाचं शटर ओढून घरी निघालेले असतात, नातवाचं बोट धरून आलेले आजोबा असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ग्लास हातात धरून नुसतीच उभी राहिले. पिशवीच्या दुधावर वाढलेल्या मला दुधाला म्हशीच्या अंगची ऊब असते हेच नवीन होतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “प्या की! फेस बसायच्या आत प्यायचं असतंय.”

गुळाचंही तसंच. बाजारात गुळाचा रवा बारा महिने मिळतो, पण गूळ होताना बघायचा तर ऊसतोडीची वाट बघावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला करवीर आणि पन्हाळा तालुक्यातली गुऱ्हाळं पेटायला लागतात. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत असतो. भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढली जाते. खाली चुलवाणात जळव्या वाळकी चिपाडं सारत असतो. या सगळ्या धावपळीत निर्णय मात्र एकट्या गुळव्याचा. काहील लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर रंग काळवंडतो, आणि नेमकी वेळ तो उकळीच्या बुडबुड्यांवरून आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ठरवतो. काहील उतरायच्या वेळी गुऱ्हाळावर कुणी बोलत नाही. मला त्या माणसाच्या नजरेचा फार आदर वाटला. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. मजूर मिळत नाहीत आणि ऊस साखर कारखान्याकडे जातो. ज्यांना बघायची आहेत त्यांनी फार वर्षं थांबू नये.

आणि फुटबॉल. कुस्तीच्या या गावाला फुटबॉलचं इतकं वेड असेल हे मला माहीतच नव्हतं. हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने होतात तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तिकीट काढून दोन तास गॅलरीत बसलं की कोणती पेठ कुणाशी कशी वागते हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

२. आपण ज्यावर चालतो आहोत ते तळं असू शकतं.

हे मला मामांनी एका पावसाळ्यात सांगितलं आणि त्यानंतर मी हे गाव वेगळ्याच डोळ्यांनी बघू लागले. भाजी आणायला मी कपिलतीर्थ मंडईत जायचे. नावात तीर्थ आहे हे कानावरून जात होतं, मनात शिरत नव्हतं. तिथं पूर्वी खरोखरच तळं होतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. ज्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल चालतो तिथं रावणेश्वराचं तळं होतं. पोरं क्रिकेट खेळतात ते पेटाळा मैदानही एके काळी पाण्याखाली होतं. जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं आणि रंकाळा त्यातला वाचलेला मोठा भाऊ. खुद्द अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंडसुद्धा बुजवलेलं होतं. ते अगदी अलीकडे उकरून मोकळं करायला घेतलं.

तळी बुजवण्यामागे कारणं होती. रोगराईची भीती होती, वाढत्या गावाला जागा हवी होती, आणि कळंब्याच्या तलावातून पाणी आणण्याची सोय झाल्यावर गावातल्या पाण्याची गरज उरली नाही. त्या काळच्या माणसांना दोष देणं मला पटत नाही. पण पाणी आपली जागा विसरत नाही हेही खरं. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साठतं आणि वर्तमानपत्रात ‘मैदान की तळं?’ अशा मथळ्यांची बातमी येते. मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाची जागा आहे. कळंब्याचं पाणी तिथं साठवून गावाला दिलं जायचं. एखाद्या गावानं पाण्याच्या टाकीला खजिना म्हणावं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

उरलेल्या तळ्यांमध्ये माझं आवडतं कोटितीर्थ. शाहू मिलला लागून आहे, आणि पाहुणे तिकडे फिरकत नाहीत. चित्रकार आबालाल रहिमान यांनी याच काठावर आपलं आयुष्य काढलं. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, पण निसर्गचित्रांसाठी त्यांना पुन्हा पुन्हा कोटितीर्थ आणि रंकाळाच लागले. १९३१ मध्ये ते गेले. मी त्यांची चित्रं आधी पाहिली आणि नंतर तळं पाहिलं. आता पाण्याची अवस्था चित्रातल्यासारखी नाही. तरी सकाळी लवकर गेलं की झाडांच्या सावल्या पाण्यात जिथं पडतात तिथं थोडा वेळ थांबावंसं वाटतं. एकाच तळ्याकडे एक माणूस वर्षानुवर्षं बघत राहिला, याचा विचार आला की चार ठिकाणं उरकण्याची माझी घाई आपोआप कमी होते.

३. तालमीत कुस्तीपेक्षा बरंच काही चालतं.

बाई म्हणून आखाड्यात पाय ठेवायचा प्रश्न नव्हता. मी दारात उभी राहून बघितलं, आणि दारातूनही पुष्कळ दिसतं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं देशभर माहीत आहेत. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमीतले, गणपतराव आंदळकर मोतीबागेतले. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत असताना इथल्याच मातीत घडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांना जाता यावं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीचा वास दारापर्यंत येतो.

पण पेठेतल्या शेकडो घरांसाठी तालीम म्हणजे त्याहून मोठी गोष्ट आहे. फुटबॉलचा संघ तालमीचा. गणपती तालमीचा. मोहरमला पंजे बसतात तेही अनेक तालमींमध्ये, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरं असतात. अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बाबूजमाल दर्गा आहे. त्याच्या कमानीवर गणपती कोरलेला आहे. मी त्या दारातून अनेकदा गेले होते. मान वर करून बघायला एका फुलवाल्यानं सांगितलं तेव्हा तो दिसला. हे सलोख्याचं उदाहरण म्हणून इथं कुणी मिरवत नाही, निदान जुन्या पेठांत तरी. लोकांना त्यात वेगळं काही वाटत नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं. अधूनमधून गावात तणावाचे दिवसही येतात. तेव्हा मला ही कमान हटकून आठवते.

खासबाग मैदान मात्र सगळ्यांना खुलं आहे, आणि माझं म्हणणं असं की ते रिकामं असताना बघावं. शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला तिथल्या राजाच्या राज्यारोहणाच्या सोहळ्याला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं, आणि १९१२ मध्ये इथं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मध्यभागी आखाड्याचा हौद, चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. मी वेगवेगळ्या जागी बसून पाहिलं. हजारो साध्या माणसांना पैलवानाचा प्रत्येक डाव नीट दिसावा एवढ्यासाठी कुणीतरी इतका विचार केला होता, हे तिथं बसल्यावर अंगावर येतं.

त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे १९१५ चं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी असलेली माणसं मोठ्यानं रडत होती. त्यात नाटकवाले होते आणि कधी तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या रंगमंचावर एकदा उभी राहिलेली साधी माणसंही होती. त्यानंतर ते पुन्हा बांधायला घेतलं. कोल्हापूरला आलात तर भिंतींपाशी जाऊन या.

४. एका चौकात तासभर उभं राहिलं तरी गाव वाचता येतं.

तो चौक दसरा चौक. पाहुण्यांना तो शाही दसऱ्यामुळे माहीत असतो. वर्षाच्या इतर दिवशी तिथं फक्त वाहनं असतात, आणि चारी बाजूंच्या पाट्या. दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, त्याच परिसरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेलं मिस क्लार्क वसतिगृह. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला गावात राहायला आणि जेवायला मिळालं तरच तो शिकेल, हा त्यामागचा साधा हिशेब. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. या चौकात त्या निर्णयाला दारं-खिडक्या आहेत. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, सांगतात की त्यांचे वडील अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले, “नाहीतर आम्ही अजून दुसऱ्याच्या रानात भांगलत असतो.”

इथून भाऊसिंगजी रोडला लागलं की मला गंगाराम कांबळे आठवतात. महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या या दलित माणसाला पाण्याला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्याला याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला मदत केली; ‘सत्यसुधारक’ त्याचं नाव. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावत. राजानं भर रस्त्यात घेतलेला एक कप चहा. मला वाटतं, या गावातली सगळ्यात मोठी ऐतिहासिक जागा ती आहे.

पुढं बिंदू चौकात जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ते ९ डिसेंबर १९५० ला बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. या चौकातून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना हे सांगितलं की ते थांबून परत बघतात. आणि सिद्धार्थनगरच्या नर्सरी बागेत शाहू महाराजांची समाधी आहे. ६ मे २०२२ ला, त्यांच्या निधनाला शंभर वर्षं झाली तेव्हा, सकाळी दहा वाजता शंभर सेकंद गाव थांबलं. मी भाजी घेत होते. भाजीवालीनं तागडी खाली ठेवली आणि हात जोडले.

५. मिसळ खाऊन झाली की शेजारच्या गाळ्यात डोकवावं.

मिसळीसाठी लोक शिवाजी उद्यमनगरात रांगा लावतात. खातात, घाम पुसतात, ब्रेडचा शेवटचा तुकडा कटात बुडवतात आणि गाडी वळवून निघून जातात. आजूबाजूला लेथ फिरत असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधलं ओतकाम देशभरातल्या इंजिनांत आणि मोटारींत जातं. त्याची मुळं या छोट्या गाळ्यांत आहेत. शेतीपंपाचं इंजिन बिघडलं की शेतकरी ते इथं घेऊन यायचा, मिस्त्री ते खोलायचा, सुटा भाग मिळाला नाही तर तसाच्या तसा घडवायचा. मामा म्हणतात, “नसलं तर बनवायचं. ह्यात काय एवढं?”

या ‘बनवायचं’ मध्ये मराठी सिनेमाही येतो. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचा कॅमेरा आपणच करायचा हा त्यांचा ध्यास. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव पेंटरांनी जिद्दीनं तो पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. भांडवलाला हातभार होता गायिका तानीबाई कागलकरांचा. बाबूरावांकडे शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना सोबत घेऊन १ जून १९२९ ला याच गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. ‘अयोध्येचा राजा’ इथं झाला, १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि पुढं सगळा नावलौकिक पुण्याच्या नावावर जमा झाला. कोल्हापूरच्या मनात ती सल अजून आहे, आणि मला ती रास्त वाटते.

खरी कॉर्नरला एक कॅमेरा स्तंभ आहे. पादचाऱ्याच्या नजरेत सहज येत नाही, पण महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती खूण. तिथून राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय गाठावं. पडद्यावरचे चंद्रकांत सगळ्यांना ठाऊक. त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली आणि आपलं राहतं घर चित्रांसह सरकारला दिलं. तिथं गर्दी नसते. घरातल्या खोल्यांमधून फिरल्यासारखं चित्रांमधून फिरता येतं.

६. समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा देव सापडतो.

सीपीआर रुग्णालयासमोर टाउन हॉलच्या बागेत लोक डबा खातात. आतल्या वस्तुसंग्रहालयात थोडेच जातात. तिथं पोसायडन या ग्रीक सागरदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती मिळाली. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं पद्धतशीर उत्खनन केलं आणि सातवाहन काळातल्या नांदत्या गावाचे थर उलगडले. मूर्ती तळहातावर मावेल अशी आहे. रोमच्या व्यापाऱ्यांची गलबतं कोकणात लागत होती, घाट चढून माल इथवर येत होता. नंतर ब्रह्मपुरीवर जाऊन उभं राहिलं की खाली नदी दिसते, आणि दोन हजार वर्षांपूर्वी इथं कोणकोणत्या भाषा बोलल्या गेल्या असतील असं मनात येतं.

७. चप्पल विकत घेण्याआधी ती होताना बघितली की घासाघीस करवत नाही.

देवळाजवळच्या चप्पल लाइनीत निवड भरपूर आहे, तिथून घ्याव्यात. पण एकदा सुभाषनगरात जावं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, तळ कापणारे हात, खिळा न वापरता चामड्याच्या वादीनं घातलेली शिवण, आणि पट्ट्यावरची वेणी. वेणीचं बारीक काम बहुतेक घरात बायका करतात, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून. मी ज्यांच्या ओसरीवर बसले होते त्या ताई बोलता बोलता वेणी घालत होत्या, नजर माझ्याकडे आणि बोटं आपली चाललेली. त्यांना जोडामागे मिळणारी रक्कम ऐकली आणि दुकानातली किंमत आठवली, तेव्हा काही वेळ मला बोलता आलं नाही.

या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचं मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशीच चप्पल दाखवली, आणि कोल्हापूरचं नाव नसल्यामुळे गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता. पण त्या गदारोळात वेणी घालणाऱ्या बाईच्या मजुरीबद्दल फार कमी बोललं गेलं. कापशी, पुकरी, कचकडी ही नावं तिला विचारा. ती हातात धरून फरक दाखवेल.

८. रस्ता विचारला की माणूस मिळतो.

कोल्हापुरात पत्ता सांगणारा बहुधा थोडा सोबत चालतो. पापाची तिकटी विचारली तर “कुठल्या गावच्या?” येतं, मग “कुणाकडं आलाय?”, आणि कुणीतरी ओळखीचं निघतंच. म्हणून मी फोनवर नकाशा असला तरी विचारते. एवढं मात्र शिकले की कामात असलेल्या माणसाचा फोटो आधी विचारल्याशिवाय काढायचा नाही. गुळव्या असो की कुंभारगल्लीत गणपतीचे डोळे रेखणारा कारागीर, तो आपल्यासाठी उभा राहिलेला नसतो. काम संपेपर्यंत थांबलं तर तोच बसायला पोतं पुढं करतो.

९. नदी फुटांत मोजणारं गाव मी आधी पाहिलं नव्हतं.

ठाण्यात पाऊस म्हणजे लोकल बंद. इथं जुलै उजाडला की घरोघरी एकच विचारणा, “किती फूट झालं?” कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी, त्रेचाळीस फूट धोका. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या चार नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. भोगावतीवर शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरीचं धरण आहे, त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. रात्री दोन वाजता त्यातला एखादा उघडला तरी सकाळी दूधवाल्याला माहीत असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी पंचावन्न फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्या घराला पाणी लागलं नाही, पण शाहूपुरीच्या कुंभारगल्लीत ओळखीच्या घरी गणपतीच्या मूर्ती विरघळून गेल्या. अर्ध्या वर्षाचं काम होतं ते. सुतारवाड्यातली कुटुंबं दर मोठ्या पुरात दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवली जातात. २०१९ ला तालमीची पोरं कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन येत होती, आणि आम्ही पेठेतल्या बायका चपात्या लाटत होतो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत मी पहिल्यांदा ‘आमचं कोल्हापूर’ म्हणाले, असं आत्या सांगतात.

पावसाळ्यात आलात तर पाणी बघायला घाटावर जरूर जा. सगळं गाव जातं. पोलिसांनी दोरी बांधली असेल तर तिच्या अलीकडे थांबा.

१०. बघायचं राहिलेलं पुष्कळ आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

खाँसाहेब अल्लादिया खाँ इथल्या दरबारात होते, त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ अंबाबाईपुढे गायचे आणि मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले. पण गायन समाज देवल क्लबमध्ये रात्रभराची मैफल मी अजून बसून ऐकलेली नाही. १८५० पासून चाललेल्या करवीर नगर वाचन मंदिरातली जुनी कपाटं धुंडाळायची आहेत. साठमारीत हत्ती झुंजायचे तिथल्या भिंती मामांबरोबर नीट फिरून बघायच्या आहेत, त्यांचे गुडघे साथ देतायत तोवर.

आणि दिवाळी पाडव्याच्या म्हशी. गवळी मंडळी त्यांना धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि घुंगरं बांधून आणतात. मालकाच्या मोटरसायकलचा आवाज ओळखून म्हैस तिच्या मागं पळते. दर वर्षी पाडव्याला माझ्या हाती फराळाची ताटं असतात आणि बाहेरून फक्त आवाज ऐकू येतो. यंदा आत्यांनी फराळ आदल्या दिवशीच उरकायचं ठरवलंय.